मागच्या गाडीसाठी उघडं ठेवलेलं गेट

माझा पेशा सॉफ्टवेअर टेस्टिंगचा. इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या ऑफिसात मी दिवसभर लोकांना एकच सांगत असतो – पुन्हा करून दाखव. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. तरी हे लिहितोय, कारण चूक नसताना मला चारचौघांत बेजबाबदार ठरवलं गेलंय आणि तो राग अजून गेलेला नाही.

आमचा इथल्या मराठी लोकांचा एक फोर बाय फोरवाला, म्हणजे जीपसारख्या गाड्या कच्च्या रस्त्यांवर फिरवणारा ग्रुप आहे. म्होरक्या समीर. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातून तीन आठवडे गाड्या घेऊन फिरायचं, हे आम्हा सगळ्यांचं जुनं स्वप्न. त्याची प्रॅक्टिस म्हणून मागच्या एप्रिलमध्ये वेल्सला गेलो, ब्रेकनच्या उत्तरेला, डोंगरातल्या कच्च्या रस्त्याने. समीरने आधीच बजावलं होतं – इथे जो नियम मोडेल, त्याला वाळवंटात नेणार नाही. मुख्य नियम गेटचा. तो रस्ता मेंढ्यांच्या कुरणांतून जातो. पहिल्या गाडीने गेट उघडायचं, शेवटच्या गाडीने लावायचं. बस्स.

रविवार, सकाळचे अकरा, लख्ख ऊन. चार गाड्या, माझी चौथी. शेजारी बायको, केतकी. तिसऱ्या गेटमधून बाहेर पडलो, गेट लावायला उतरणार, तेवढ्यात आरशात मागे एक गाडी दिसली... जुनी, फिकट हिरवी, हेडलाइट चालू. ग्रुपमधला बेसिंगस्टोकचा मंदार "जमलं तर येतो" म्हणाला होता. मला वाटलं, आला कुणाची तरी गाडी घेऊन. ड्रायव्हरने हात वर केला. आमच्यात त्याचा अर्थ एकच – तू हो पुढे, मी लावतो. केतकीनेही खिडकीतून हात केला. मी निघालो.

आता नीट ऐका. समीर तेव्हा वर टेकाडावर थांबून गाड्या मोजत होता. वॉकीटॉकीवर त्याचा आवाज आला, "एक, दोन, तीन, चार, पाच. आले सगळे. चला."

पाच!

पलीकडे डांबरी रस्त्यावर चहाला थांबलो, तर गाड्या चारच. मंदारला फोन लावला, तो मुलीच्या स्विमिंग क्लासला बसलेला. तेवढ्यात एक म्हातारा शेतकरी चारचाकी क्वाड बाइकवरून आमच्या मागे आला. गेट सताड उघडं, मेंढ्या भलतीकडे पळालेल्या, एकीचा पाय मोडलेला. मी पाचव्या गाडीचं सांगितलं. तो सकाळपासून रस्त्याच्या तोंडाशी कुंपण दुरुस्त करत होता. शांतपणे म्हणाला, "फोर वेंट अप. ओन्ली फोर." बरं, त्या रस्त्याला मध्ये वळायला जागा नाही की दुसरी वाट नाही. त्या मेंढीचं मला आजही वाईट वाटतं.

मग समीर सुरू झाला. "वाळवंटात असंच 'मागे कुणीतरी आहे' म्हणून निघून गेला असतास, तर एखादा माणूस मेला असता. सॉरी, मी रिस्क घेणार नाही."

"अरे, केतकीनेही पाहिली!"

"ती बायको आहे तुझी. ती तुझीच बाजू घेणार."

माझी बायको, आणि माझी बाजू! हा माणूस इतकी वर्षं आमच्याकडे जेवतोय आणि याला एवढंही कळलेलं नाही.

डॅशकॅम तपासला. मागच्या कॅमेऱ्यात उघडं गेट आणि रिकामा रस्ता. मान्य. पण त्याच क्लिपमध्ये समीरचा आवाज आहे, अगदी स्वच्छ – "चार, पाच." ऐकवलं तर म्हणतो, "तोंडातून गेलं असेल." बाकीचे खाली मान घालून बुटांचा चिखल काढत बसले.

ते माझ्याशिवाय ऑस्ट्रेलियाला गेले, माझ्या जागी मंदार. नवव्या दिवशी सकाळी मी रीडिंग स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर होतो, तेव्हा फोन आला. सॅटेलाइट फोनवरून समीर. कसा आहेस वगैरे काही नाही.

"तुझ्या मागच्या त्या गाडीवाल्याने कुठला हात वर केला होता?"

"डावा. का रे?"



"आम्ही चार गाड्या घेऊन निघालोय," तो हळू आवाजात म्हणाला. "पाचवी दोन दिवसांपासून आमच्या मागे आहे. आम्ही थांबलो की थांबते, आणि ड्रायव्हर डावा हात वर करतो. काय करू?"

आता कशाला विचारतोस, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण समीरने मला 'काय करू' असं आजवर कधी विचारलं नव्हतं. "तिच्या भरवशावर काही सोडू नकोस," म्हटलं. "वाटेत गेट आलं तर स्वतः उतरून लाव." फोन कट झाला.

सगळे सुखरूप परत आले. लंडनमध्ये एजवेअरला एकाच्या घरी फोटो बघायला जमलो, तिथे मी सगळ्यांसमोर विचारलं. समीर म्हणाला, "फोन? तिथे कुठली रेंज?" मोबाइलवरची कॉलची नोंद दाखवली. त्याने बघितल्या न बघितल्यासारखं केलं आणि ढोकळ्याची बशी माझ्यापुढे सरकवली.

ती गाडी काय होती, वेल्समधून वाळवंटात कशी पोचली, कॅमेऱ्यात का आली नाही... यावर खूप डोकं लढवलं आणि शेवटी नाद सोडला.

गेल्या आठवड्यात पुढच्या ट्रिपची यादी आली. माफी नाही, खुलासा नाही, पण माझं नाव आहे. शेवटची गाडी म्हणून! सोबत समीरचा वेगळा मेसेज – "तूच ये रे. वेल्सपासूनच मागे राहायला दुसरं कुणी तयार नाही."

वेल्सपासूनच, आणि दुसरं कुणीच नाही. म्हणजे त्या दिवशी वेल्समध्ये ती सगळ्यांनीच पाहिली होती.