सरांचे धुतलेले पाय आणि माझा शॉर्टकट

सिंगापूर-बँकॉकची वर्णनं वाचून कंटाळला असाल, तर हा घ्या आमचा तुळिंज ते गास असा प्रवास. स्कूटरने अर्धा तास, पेट्रोल पन्नास रुपयांचं आणि व्हिसाची भानगड नाही. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा विल्सन गासचा. तो कितीतरी दिवस घरी बोलावत होता आणि मी 'बघू, बघू' करत होतो. या वर्षी त्याने वेगळंच आमिष दाखवलं. "कदम, पवित्र गुरुवारी ये. यंदा पप्पा बारा जणांत आहेत."

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी चर्चमध्ये संध्याकाळच्या मिस्साला, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला, फादर गावातल्या बारा जणांचे पाय धुतात. येशूने आपल्या शिष्यांचे धुतले होते, तसेच. हे मला विल्सनने डबा खाताना समजावलं आणि मी ताबडतोब रजा टाकली. नवा डिजिटल कॅमेरा घेतला होता, त्यालाही काहीतरी काम हवंच होतं.

सकाळी दहाला निघालो. तुळिंजच्या बाजारातून स्कूटर बाहेर काढणं हाच प्रवासाचा अवघड टप्पा. भाजीवाल्यांच्या पाट्या चुकवत, रेल्वे ओलांडून पश्चिमेला आलात की जीव भांड्यात पडतो. पुढे इमारती विरळ होतात आणि अचानक दोन्ही बाजूंना केळीच्या वाड्या सुरू होतात. स्कूटर नसेल तर स्टेशनबाहेरून रिक्षा मिळते, पण दुपारच्या जेवणाच्या वेळी रिक्षावाला शोधावा लागतो. टोपी घ्या. एप्रिलचं ऊन वाडीतही सोडत नाही.

विल्सनचे वडील म्हणजे गावाचे सर. पस्तीस वर्षं शाळेत, त्यातली शेवटची बारा हेडमास्तर. मी पोहोचलो तेव्हा ते पडवीत बसून कोमट पाण्याच्या घमेल्यात पाय बुडवून टाचा घासत होते. शेजारी वजरी, साबण, खोबरेल तेलाची वाटी आणि नखं कापायचं यंत्र.

"हे सकाळपासून चाललंय," विल्सन माझ्या कानात म्हणाला. "धुवायचे पाय आधीच धुऊन न्यायचे. फादरना काही कामच ठेवायचं नाही."

सरांना ऐकू गेलं. "फादर माझ्या हाताखालून गेलेला पोरगा आहे," ते मला म्हणाले. "मिठागरावरचा. रोज शाळेत यायचा तो चिखलाचे पाय घेऊन. मी प्रार्थनेच्या आधी सगळ्यांचे पाय तपासायचो. ह्याला रोज घरी पाठवायचो, धुऊन ये म्हणून. तेव्हा शिस्त लागली, म्हणून आज फादर झाला. आज बघू दे त्याला, पाय कसे ठेवायचे असतात."

टाचा खरोखर बघण्यासारख्या होत्या. मी फोटोही काढला.

जेवण फार छान झालं. उपवासकाळात या घरात मटण नसतं, पण सुक्या बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी आणि घरची केळी असल्यावर मटणाची आठवण कोणाला येते? दुपारी वाडीत खाटेवर ताणून दिली. चार वाजता विल्सन बायकोमुलांना घेऊन रिक्षाने चर्चला गेला, कारण तो गायनवृंदात आहे. सरांच्या पायांना धूळ लागू नये म्हणून त्यांना मी मागाहून माझ्या स्कूटरवरून आणायचं ठरलं. बूट घातले तर मोज्यांचा वास येईल म्हणून त्यांनी नव्या चपला घातल्या आणि मागे बसून पाय जरा वरच धरले.

आता माझा पराक्रम. चर्च शेजारच्या गावात, डांबरी रस्त्याने दहा मिनिटं. पण मी सकाळी वाडीतून जाणारी एक वाट पाहून ठेवली होती. सर म्हणाले, "रस्त्याने चला." मी म्हटलं, "सर, नऊ वर्षं या भागात स्कूटर चालवतोय. बिनधास्त बसा." आणि वळलो. वळताना वेगही जरा जास्तच होता. बाजूला केळींना पाणी सोडायचा पाट होता, कडा ओलसर होती, मागचं चाक सरकलं. स्कूटर मी कशीबशी सावरली. सर मात्र दोन्ही पायांनी पाटात उतरले, घोट्यापर्यंत काळ्या चिखलात.

मला काहीही लागलं नाही, सरांनाही नाही. त्यांनी केळीच्या पानाने पाय पुसले. त्याने चिखल नुसता पसरला. पाटातलं पाणी तर त्याहून गढूळ.

चर्चच्या दारात घंटा वाजत होती. तिथल्या देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्याला मी नळ विचारला. "टाकीतलं पानी संपलं," तो म्हणाला. "मास्तर, चला आत, अकरा जन बसलेत." चारपाच माणसं सरांच्या पायांकडे बघायला लागली. काय झालं, कोणी विचारलं. मी पटकन म्हणालो, "वाट फार खराब आहे हो." सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"कदम, मला घरी घेऊन चला," ते हळूच म्हणाले. पस्तीस वर्षं ज्यांनी पोरांना पायांवरून परत पाठवलं, ते आता स्वतःच परत जायला निघाले होते. मला इतकी लाज वाटली, की हातातली किल्ली मी स्कूटरला लावलीच नाही. आत गाणं सुरू झालं. सरांनी आतली बारावी रिकामी खुर्ची पाहिली, चपला दारात काढल्या आणि ते त्याच पायांनी आत गेले.

मी दुसऱ्या बाकावर बसलो. वाचनं झाली, प्रवचन झालं. सगळा वेळ सर वेदीसमोरच्या शेवटच्या खुर्चीवर पाय खुर्चीखाली ओढून बसले होते. मग फादरनी कमरेला टॉवेल बांधला आणि एकेकापुढे गुडघे टेकत आले. चाळिशीचा, सावळा, साधा माणूस. सरांनी पाय पुढे केलाच नाही.

"राहू द्या, फादर. घाण आहेत."

"म्हणूनच पाणी आणलंय, सर."

फादर हात पुढे करून थांबले. किती वेळ, सांगता येणार नाही. शेवटी पाय आला. एक तांब्या पुरला नाही, फादरनी दुसरा मागवला. बोटांच्या बेचक्यातला चिखल अंगठ्याने काढला, पाय पुसला आणि त्यावर ओठ टेकले. सर रडत होते. कॅमेरा माझ्या मांडीवर तसाच राहिला.

परतताना मी डांबरी रस्त्याने, सायकलच्या वेगाने आलो. सर मागून बोलले. "तो पोरगा सकाळी मिठागरावर काम करून शाळेत यायचा. मी कधी विचारलंच नाही त्याला. पाय तेवढे बघितले." थोड्या वेळाने म्हणाले, "आणि आज सकाळपासून स्वतःचेच घासत बसलो. देवाला दाखवायला."

मी माफी मागायला तोंड उघडलं, पण तोवर घर आलं. विल्सनच्या बायकोने केळ्यांचा अख्खा घड स्कूटरला बांधून दिला.

साडेआठला तुळिंजला पोहोचलो. बायकोने केळी उतरवून घेतली आणि विचारलं, "कसं झालं?" मी म्हटलं, "छान." हातपाय धुऊन रोजच्यासारखा देवघरासमोर उभा राहिलो. रोज माझी तिथे मोठी यादी असते, एवढं कर, तेवढं दे, मी कोणाचं वाईट केलेलं नाही, वगैरे. त्या दिवशी यादीतलं पहिलं वाक्यसुद्धा सुचेना. चारचौघांत एका वृद्ध माणसाने माझं खोटं मुकाट्याने ऐकून घेतलं होतं.

"वाट चांगली होती," मी देवाला म्हटलं. "मीच जोरात होतो."

एवढंच बोललो आणि सरांना फोन लावला.