घरी सांगायचा भाव

बाजारात प्रत्येक वस्तूला दोन भाव असतात. एक विकणारी सांगते तो आणि दुसरा आपण घरी येऊन सांगतो तो. अमरावतीतल्या आमच्या कॉलनीत एकाही बाईला हे समजावून द्यावं लागणार नाही. पंधरा रुपये पाव मिळालेली गवार घरी वीसची होते, ऐंशीची संत्री शंभराची होतात आणि मधले पैसे जिचे तिच्याजवळ राहतात. याला कोणाला चोरी म्हणायचं असेल तर त्यानं आधी तीस वर्षं दुसऱ्याच्या हातून पैसे मोजून घेऊन घर चालवावं. मग बोलावं.

अलीकडे मला दर रविवारी दीड हजार रुपये मिळत. मुलगी लग्न होऊन गेल्यावर घरात आम्ही दोघंच, तरी दूध आणि गॅस सोडून सगळं त्यात बसवायचं. किराणा, भाजी, फळं, साबण, फिनाईल, पाहुणा आला तर त्याचं. त्यातून तीनचारशे मी काढायचेच. नुसत्या थापा मारून एवढे सुटत नाहीत. त्यासाठी बाजार उठायच्या वेळेला जावं लागतं, तेव्हा विकणाऱ्यांना घराची ओढ लागलेली असते आणि उरलेला माल ते ढिगानं देऊन टाकतात. टोमॅटो एकेक हातात घेऊन पाहावा लागतो. नवी तूर निघाली की चार महिन्यांची डाळ एकदम भरून ठेवावी लागते. हे मला चांगलं जमायचं. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे.

ते पैसे अकोल्याला जात. तिथं माझी धाकटी बहीण राहते. तिचा नवरा दालमिलमध्ये कामाला होता. सहा वर्षांपूर्वी त्याला लकवा मारला आणि तेव्हापासून तो खाटेवर आहे. बहीण साड्यांना फॉल-पिको करून देते. त्यात औषधं होतात, पोट भरत नाही. मी महिन्यातून एकदा तिला भेटायला जायचे आणि येताना तिच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानात पैसे देऊन यायचे. दुकानदार डाळ, तेल, साखर, चहापत्ती आणि साबण तिच्या घरी पोचवायचा. पैसे कुठून येतात ते तिनं कधी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

नवऱ्याला का नाही मागितले, असं कोणी म्हणेल. तो कंजूस असता तर एक वेळ बरं झालं असतं. तो देतो. दिल्यावर सांगत सुटतो, ही खरी अडचण आहे. माझ्या भावाच्या कॉलेजची फी त्यानं एकदा भरली होती. पुढं भावाच्याच लग्नात, भर पंगतीत, नवरीच्या बापाला तो हसतहसत म्हणाला, "याले शिकवलं कोनं, विचारा त्याले." भाऊ समोरच जेवत होता. त्यानं हातातला घास ताटात ठेवला आणि नंतर काही खाल्लं नाही. बहिणीवर वेळ आली तेव्हा मला ती पंगत आठवली आणि मी घरात तोंड उघडलं नाही.

गेल्या वर्षी नवरा रिटायर झाला. ऑफिस सुटलं, पण साहेबकी सुटेना. पंधरा दिवस त्यानं कुंड्यांची आणि कामवालीची झडती घेतली, मग एका रविवारी पिशव्या काखेत मारून म्हणाला, "आजपासून बाजार मी करतो. तू आराम कर." परत आला तो लढाई जिंकल्याच्या थाटात.

"साडेदहाशेत झालं सारं. इतके वर्सं तू काय करून राहिली होती वो?"

"काय आनलं ते पाहू द्या आधी."

"तुले लुटलं त्या बाजारवाल्यायनं. साधी बाई दिसली का भाव वाढवतेत."

एक तर मी मूर्ख ठरत होते, नाहीतर चोर. त्या भल्या माणसाला मूर्ख एवढंच सुचलं होतं, ते मी राहू दिलं.

पिशवीत तीन किलो वांगी होती, कारण ती स्वस्त होती. सगळी बियांनी भरलेली. भेंडीचं टोक मोडून पाहतात हे त्याला ठाऊक नव्हतं, ती दोरीसारखी वाकत होती. टोमॅटोंवर बटाटे टाकलेले. सांभार, म्हणजे पुण्याकडची कोथिंबीर, आणलाच नव्हता. भाजी घेतल्यावर तो वरून फुकट मागून घ्यायचा असतो आणि साहेबांना मागायची लाज. हिंग, मोहरी, काडेपेटी, भांडी घासायचा साबण, या गोष्टी तर त्याला बाजारात दिसतच नाहीत. सोमवारी मी हिंग संपला म्हटलं की तो वेगळे पैसे देणार आणि ते बाजाराच्या खर्चात धरणार नाही. साडेदहाशे ते साडेदहाशेच. तो आठवडा आम्ही वांगी खाल्ली आणि मी दातओठही.

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण बागेतल्या बाकावर बसून त्यानं हा आकडा सगळ्या पेन्शनरांना सांगितला. शेजारीण कुंपणाशी येऊन मलाच ऐकवून गेली, "तुमच्या घरच्यायले आवरा वो बाई. आमच्या घरचेबी पिशवी मांगून राहिले."

तीन महिने अकोल्याला एक पैसा गेला नाही. मी रद्दी विकून पाहिली, त्यात साखरही आली नसती. गुडघ्याच्या गोळ्यांना म्हणून पैसे मागितले तर हा गोळ्याच घेऊन आला, त्याही स्वस्तातल्या. शेवटी ठरवलं की बहिणीला तोंडावर सांगून यावं, आता माझ्याकडून होत नाही. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे म्हणून, नाहीतर तेवढं सांगायला जाणंही जमलं नसतं. मूर्तिजापूर येईपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होते.

बहीण मशीनवर बसली होती. तिनं चहा केला, कोरा, लिंबू पिळून. आता असाच आवडते म्हणाली. मी तोंड उघडायच्या आत तिनंच विचारलं.

"बाई, भाऊजींचं माझ्यावर काई बिनसलं का?"

"त्यायचा काय संबंध?"

"किराना येनं बंद झालं ना. माझ्यानं काई चुकलं असन तर मी फोन करून माफी मांगीन."

"ते पाठवत होते असं तुले कोनं सांगतलं?"

"सांगाले काय पायजे? तुले कुठून येतीन पैसे?" ती अगदी सरळपणे म्हणाली. "मी तं गल्लीत साऱ्यायले सांगते, असा मानूस भेटनं नशिबाची गोष्ट आहे. सांजच्याले दिवा लावते तवा त्यायचं नाव घेते."

मला असा राग आला की कपाची कड दातात धरून बसले. उठत्या बाजारात वाकून वाकून मी टोमॅटो निवडले आणि दिवा लागत होता त्याच्या नावानं. खरं सांगून टाकावं असं ओठांवर आलं. पण मी नवऱ्याला चोरून काढलेल्या पैशांचं ती काही घेणार नाही, हेही मला माहीत होतं. जुळवलेली वाक्यं गिळली आणि म्हटलं, "काई बिनसलं नाई. किराना येईन पुढच्या हप्त्यात."

आता शब्द देऊन बसले होते. घरी आले तेव्हा नवरा गॅलरीत कांदे पसरत होता. चपला काढायच्या आधी मी त्याला सगळं सांगितलं. दोन भाव, अकोल्याचं दुकान, सहा वर्षं, सगळं.

"मले सांगतलं असतं तं मी नाई म्हटलं असतं का?"

"नसतं म्हटलं. पन मंग साऱ्या गावाले सांगतलं असतं."

त्याला ते लागलं. बराच वेळ तो कांदेच सारखे करत राहिला. मग न बघता म्हणाला, "तिले मालूम आहे का, तू असे पैसे काढत होती ते?"

"नाई. तिले वाटते तुमीच पाठवता. साऱ्या गल्लीले सांगते. दिवा लावताना तुमचं नाव घेते."

त्याचे हात थांबले. रिटायर झाल्यापासून त्याचा चेहरा असा खुललेला मी पाहिला नव्हता. त्यानं खुर्ची ओढली, आरामात बसला आणि खिशातून पाकीट काढलं.

"मंग बंद कावून केलं वो? काय म्हनतीन तिथले लोकं?" त्यानं दोन हजार मोजले, पण नोटा माझ्याकडे दिल्या नाहीत. "सांग बरं, काय म्हनते ती नेमकं?"

मी सांगितलं.

"दिवा लावताना म्हनते?"

नोटा अजून त्याच्याच हातात होत्या. बहिणीच्या घरी डाळ जायला हवी होती. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.