शुक्र, सबनीस काका आणि खिशातला आयपीस

दोष सबनीस काकांचा. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी "अरे, पण मोठ्या माणसाबद्दल..." करायला नको. अमेरिकेत मॉरिसव्हिलला केलेल्या आमच्या आकाशनिरीक्षणाचे किस्से मी मित्रांना फोनवर सांगायला लागलो, की एकातून दुसरा निघतो आणि फोनकार्ड संपतं. सगळे हसतात. प्रत्येक किस्स्यात काका असतात, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

* * *

२००३ चा जानेवारी. मी पीएचडीला होतो. काका पुण्याचे, सॉफ्टवेअरमध्ये मॅनेजर, माझ्या बाबांचे जुने ओळखीचे. जेवायला बोलावलं आणि नंतर बॅकयार्डमध्ये नेलं. तिथे माझ्या छातीपर्यंत येईल अशी दुर्बीण. "बघ, शनी!"

कडं इतकं स्वच्छ दिसलं की मला संशयच आला. मी जॅकेट काढून नळीच्या तोंडावर टाकलं. शनी गेला. जॅकेट काढलं. शनी आला.

"काय रे, आत चित्र चिकटवलंय वाटलं?"

"हो."

"तुम्ही नागपूरवाले! कोणावर विश्वास नाही!" असं म्हणत काकांनी आयपीस, म्हणजे आपण डोळा लावतो तो भिंगाचा तुकडा, काढून स्वतःच्या शर्टाच्या खिशात घातला. का? तर त्यांना दोन मिनिटं बाथरूमला जायचं होतं!

* * *

मी मात्र त्या दिवसापासून कामातून गेलो. नकाशे, वही, चंद्राच्या वेळा. दर शनिवारी काकांकडे. पीएचडीची पात्रता परीक्षा पहिल्या प्रयत्नात उडाली, तेव्हा माझ्या वहीत गुरूच्या चंद्रांची चाळीस पानं होती.

एका संकष्टीला काकू ताट वाढून घेत होत्या. मी म्हटलं, "काकू, चंद्र उगवायला अजून सव्वा तास आहे."

"असं कसं? कॅलेंडरमध्ये वेळ दिलीय."

कॅलेंडर दरवर्षी दादरहून यायचं. वेळ मुंबईची! अकरा वर्षं काकू मॉरिसव्हिलमध्ये बसून मुंबईच्या चंद्रावर उपास सोडत होत्या.

काका पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "गणपतीला इस्टर्न टाइम कळतो."

काकूंनी ताट बाजूला सारलं. "दुर्बीण घरात, आणि चंद्र भिंतीवर!"

सव्वा तास काका पेपरचं तेच पान वाचत होते.

* * *

ऑगस्टमध्ये मंगळ पृथ्वीच्या फार जवळ आला होता. काकांनी मराठी मंडळाच्या पिकनिकला जाहीर केलं, "आज सगळ्यांना मंगळ!" पूर्वेला ढग. तरी रांग पुढे सरकत होती आणि लोक "वा! काय लाल आहे!" म्हणत होते. मी वाकून बघितलं. झाडांमागच्या टॉवरचा लाल दिवा, फोकस जरा बिघडवून!

"काका, हा मंगळ नाही."

"हळू बोल. माणसं तासभर उभी आहेत."

तेव्हा मी हसलो होतो. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

* * *

अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरचे ते दिवस असे होते, की आमच्या रंगाची माणसं अंधारात नळी घेऊन उभी राहिली की शेजारी फोन उचलायचे. एकदा पोलीस आलाच. काका छाती पुढे काढून म्हणाले, "माय टेलिस्कोप, माय गेस्ट." पोलीस चंद्र बघून खूश होऊन गेला. काका मला म्हणाले, "पोलिसांशी मी बोलणार. मी तुला बापासारखा."

पुढच्या वसंतात त्यांनी सिटिझनशिपचा अर्ज भरला. दुर्बिणीपाशी उभे राहून मीच त्यांची प्रश्नोत्तरं पाठ करून घ्यायचो. तुम्हाला पोलिसांनी कधी ताब्यात घेतलंय का? या प्रश्नाला काका "नो, नो, नो" असं तीनदा म्हणायचे.

"एकदाच म्हणा काका, त्यांना संशय येईल."

* * *

आणि मग जून २००४. शुक्र सूर्यावरून जाणार होता. सूर्योदयापासून साडेसातपर्यंत दिसणार. त्याच दिवशी नऊला माझी परीक्षा, दुसरा आणि शेवटचा प्रयत्न. मी नको म्हणत होतो.

काका म्हणाले, "शुक्र एकशे बावीस वर्षांनी येतोय. तुझी परीक्षा कुठे पळतेय? आठला तुला कॅम्पसवर सोडतो."

पूर्व मोकळी हवी म्हणून विमानतळाजवळच्या एका पार्किंगचं छत गाठलं. दुर्बिणीवर सूर्याचा फिल्टर लावला. काळा, गोल, खणखणीत ठिपका! मी वही काढली, आणि पोलिसांच्या दोन गाड्या दिवे लावून वर आल्या.

"हूज इज धिस?"

मी काकांकडे बघितलं. काकांनी माझ्याकडे बोट केलं. "हिज."

पोलीस मला म्हणाला, "काय बघत होतास ते दाखव." मी वाकलो. समोर नुसतं भोक. आयपीस काकांच्या खिशात! सवयीने काढला की ठरवून, मला आजही सांगता येत नाही. "काका, आयपीस द्या ना," मी मराठीत म्हटलं. काका खिशावर हात ठेवून रनवेकडे बघत राहिले. मग त्यांना ऑफिसची मीटिंग आठवली आणि पोलिसांनी त्यांना जाऊ दिलं.

काहीच न दिसणारी नळी मी रनवेच्या दिशेला का धरली होती, हे समजावण्यात मला अकरा वाजले.

विद्यापीठातल्या माझ्या विभागाने सांगितलं, सोबतच्या माणसाचं पत्र आण, परीक्षा पुन्हा घेऊ. मी काकांच्या दारात गेलो.

"अरे बाळा, माझी सिटिझनशिपची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. पोलिसांच्या भानगडीत लेखी कसं देऊ?"

"द्या हो, दोन ओळी तर लिहायच्यात," काकू मागून म्हणाल्या.

"तू आत जा."

शनिवारी सकाळी माझ्या अपार्टमेंटच्या दाराबाहेर अख्खी दुर्बीण उभी होती. नळीला चिठ्ठी: "पोलिसांना तुझी म्हणून सांगितलं आहे, ते खोटं ठरायला नको. नीट सांभाळ. काका."

आयपीस नव्हता.

मला दुसऱ्यांदा नापास धरलं, पीएचडी बंद झाली, तिच्याबरोबर व्हिसा गेला, आणि ऑगस्टमध्ये मी नागपूरला परत आलो.