डाव्या खुर्चीतली आत्या

हात लावल्याशिवाय आत्या कशालाच ‘व्हय’ म्हणत नसे. शहागंजच्या मंडईत वांगी घ्यायची तर भाव विचारायच्या आधीच तिची चार वांगी दाबून झालेली असायची. कापडाच्या दुकानात काचेआडचं लुगडं कुणी बोटानं दाखवलं की ती म्हणे, "भाईर काढ, मग बोलू." घराला कुलूप लावलं की ओढून बघायची, गल्लीच्या तोंडापर्यंत जायची आणि परत येऊन पुन्हा ओढायची. कुणी हसलं तर खुशाल हसू दे. तिचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. संध्याकाळी मेंढरं कोंडायच्या वाडग्याच्या तोंडाशी उभं राहून आत शिरणाऱ्या प्रत्येक मेंढराच्या पाठीला हात लावत मोजायचं, ही लहानपणापासूनची रीत. लांबून नजरेनं मोजलेलं मेंढरू तिच्या लेखी मोजलेलंच नव्हतं.

ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. यजमान गेल्यावर तिनं कळप मोडला आणि ती शहराच्या कडेला हर्सूलला येऊन एका रोपवाटिकेत रोजानं जाऊ लागली. तळ्याच्या अलीकडच्या वस्तीत एक खोली आणि पुढं पत्र्याची पडवी एवढंच घर. मूलबाळ नव्हतं. त्या घरात मी जाऊन पडलो, तेव्हा माझ्याकडं विमान चालवायचं लायसन्स होतं आणि काम मात्र कसलंच नव्हतं.

लायसन्स मिळालं तेव्हा पाचोडजवळच्या आमच्या गावानं माझा केवढा सत्कार केला होता! ऐन बाजाराच्या दिवशी हलगी लावून मिरवलं. फ्लेक्सवर माझ्या डोक्यामागं चार इंजिनांचं अजस्र विमान छापलं. मी चालवलेलं विमान एका इंजिनाचं, जेमतेम दोन माणसं मावतील एवढं होतं, पण हे त्या गर्दीत कुणाला सांगणार? लायसन्स म्हणजे नोकरी नव्हे, हेही सांगायचं राहून गेलं. आणि मी नोकरीच्या रांगेत उभा राहिलो तोच विमान कंपन्यांचे दिवस फिरले. एक कंपनी बंदच पडली. दुसऱ्यांची विमानं इंजिनांच्या सुट्या भागांवाचून जमिनीवर उभी राहिली. वर्षानुवर्षं उडालेले वैमानिक घरी बसले, तिथं माझ्यासारख्या नवख्याला कोण विचारतो. वैमानिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर आठवड्याला भरतीची आवई उठायची आणि दोन दिवसांत विरून जायची. गावात पाऊल टाकलं की पारावरचे म्हातारे विचारायचे, "इमान कवा आणायलास?" म्हणून मी गावाला जाणंच सोडलं.

आत्यानं मला पहिल्याच सकाळी हलवून उठवलं. मी म्हटलं, "झोपू दे गं, जायचंय कुठं?" ती म्हणाली, "आमच्या मेंढरांचा भाव पडायचा ना, तवा आम्ही कळप बसवून नाय ठेवायचो. बसलं की मेंढराचे पाय जात्यात. मग भाव आला तरी बाजारापत्तुर पोचणार कसं? ऊठ, चाल." मला तेव्हा तिचा रागच आला. पण उठलो.

चालायचं म्हणजे काय करायचं, हे मात्र माझं मला शोधावं लागलं. मोठ्या विमानाच्या कॉकपिटचं खऱ्या मापाचं चित्र छापून मिळतं. बेकार वैमानिक ते भिंतीवर चिकटवतात आणि पुढं खुर्ची टाकून बटणांवरून हात फिरवत बसतात. सवय मोडू नये म्हणून. मी ते पडवीत लावलं. उड्डाणाआधीची तपासणी दोघांची असते. एकानं एकेक गोष्ट विचारायची, दुसऱ्यानं ती बघून उत्तर द्यायचं. दुसरं माणूस नव्हतं, म्हणून मी दोन्ही बाजूंनी एकटाच बडबडत होतो. आत्या भाकरी थापता थापता ऐकत होती. थोड्याच दिवसांत हात धुऊन ती शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. अक्षरओळख नव्हती, पण लांबलचक ओव्या पाठ असलेल्या बाईला ही यादी काय जड होती!

"पारकिन बिरेक?"

"सेट."

"हात कुठं लावलास? नुसतं तोंडानं म्हणलास. पयल्यापासून घे."

मी चिडायचो. म्हणायचो, अगं, कागद आहे तो. ती म्हणायची, "कागदाला हात लावायला तुला जीव जड झाला, तर खऱ्याला काय लावशील?" मग पहिल्यापासून. रोपवाटिकेत जायची वेळ झाली तरी यादी पुरी झाल्याशिवाय ती उठत नसे, आणि तिकडं उशीर झाला म्हणून मुकादम बोलला तर त्यालाही ऐकवत असे, की आमच्या घरी विमानाचं काम चालू हाय.

खुर्च्यांवरून मात्र गल्लीत हसू व्हायचं. ती बसायची उजवीकडं, मी डावीकडं. आपल्याकडं जीपचं स्टेअरिंग उजव्या बाजूला, त्यामुळं येणारा जाणारा म्हणायचा, "आत्याच चालवायलीय वाटतं, पोरगं क्लीनर दिसतंय." तिनं मला विचारलं. मी सांगितलं, की विमानात कॅप्टन डावीकडं बसतो, त्याचा जोडीदार उजवीकडं. आणि मला नोकरी लागली तरी पहिली कित्येक वर्षं उजवीकडंच बसावं लागेल, तेव्हा खुर्च्या बदलू या. झालं, आत्या भडकली. "माझा भाचा दुय्यम जागी बसणार नाय. शिकायचं तर वरच्या जागेचं शीक. खालचं आपसूक यील." सत्कारात फेटा बांधलेला भाचा तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. मलाही लहान विमानात डावीकडंच बसायची सवय होती. राहिलो तसाच बसत.

भरतीच्या बातम्यांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. पाचोडच्या बाजारात दलालाला भाव विचारून कुणी मेंढरं आणत नाही, बाजारात स्वतः हिंडून गिऱ्हाईक किती आहे ते बघायचं असतं. त्या हिशेबानं एका सुट्टीच्या दिवशी ती भाकरी बांधून थेट चिकलठाण्याच्या विमानतळावर गेली आणि प्रवासी बाहेर पडतात त्या दाराशी उभी राहिली. माणसं भरून उतरतात की विमानं रिकामी येतात, हे तिला बघायचं होतं. दुपारी आली ती नाचतच. "लई माणसं! नुसती रीघ! आता तुला बोलवल्याबिगर ऱ्हात नाय कुणी." गल्लीभर सांगूनही टाकलं. संध्याकाळी शेजारणी पेढे मागायला आल्या. मग कळलं, की त्या दिवशी कुण्या बड्या घरच्या लग्नाचं वऱ्हाड उतरलं होतं. फेटे, बॅगा, हारतुरे, सगळं आत्यानं पाहिलं होतं, फक्त त्याचा अर्थ लावला नव्हता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्या शांत. शेजारणींना चहा पाजला आणि म्हणाली, "वऱ्हाड तर वऱ्हाड. आता वऱ्हाडबी टेम्पो सोडून इमानानं यायला लागलं का नाय? मग किती दिवस दम काढत्याल कंपन्या?" त्यानंतर ती महिन्यातून एखादी चक्कर टाकायचीच. गेटवरचा जवान तिला ओळखायला लागला. "आज कुणाला घ्यायला, मावशी?" असं त्यानं विचारलं की ती सांगायची, "कुणाला नाय, बाजार बघायला आलेव."

शेवटी एकदाचं एका कंपनीचं बोलावणं आलं. लेखी परीक्षा पार पडली आणि मला सिम्युलेटरमध्ये, म्हणजे खोट्या पण हुबेहूब कॉकपिटमध्ये, बसवलं. उजव्या खुर्चीत. तिथं सगळं उलटं. डावीकडं बसून ज्या उजव्या हातानं इंजिनाचा जोर वाढवायची सवय, तो हात माझा आपोआप खिडकीकडं जायला लागला. डोळे एकीकडं, हात तिसरीकडं. परीक्षकांनी सौम्यपणे सांगितलं की पुन्हा केव्हातरी या. पुन्हा केव्हा, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

घरी येऊन मी आत्याला काय झालं ते सगळं सांगितलं. तिनं एकदाच विचारलं, "जागेमुळं झालं?" मी म्हटलं, "जागेमुळं झालं." त्या दिवशी ती जेवली नाही. सकाळी पडवीत आलो तर आत्या डाव्या खुर्चीत पदर खोचून ताठ बसलेली. उजवी खुर्ची हातानं थोपटत म्हणाली, "बस. आजपासून मी क्याप्टन. तू दुय्यम. तुला पोटाला लागंल ते शिकायचं, मला मिरवायला लागंल ते नाय."

आणि ती खरोखरच कॅप्टन झाली. आवाज बदलला, मान बदलली. मधूनच म्हणायची, "आता सांग, माझा हात धरला वाऱ्यानं. काय करशील?" वारा हात धरत नाही, हे मी समजावून सांगितलं नाही. मी उत्तर द्यायचो आणि ती चित्रावरच्या माझ्या बोटाकडं डोळे बारीक करून बघायची. गल्लीतले लोक आता तिला कॅप्टन आत्या म्हणायला लागले, आधी चेष्टेनं आणि पुढं तेच नाव पडलं म्हणून.

अशाच एका सकाळी वडील गावाहून आले. वाळूजच्या एका कारखान्यात ओळखीतून सुपरवायझरची जागा मिळत होती. पडवीतला प्रकार बघून ते उंबऱ्यातच थांबले.

"अक्का, किती दिवस भिंतीला हात लावत बसणार हा? लोकं इचारायलेत, मी काय सांगू?"

"भगवान, आत बस, चहा घे. पोराची डुटी चालू हाय." यादी संपेपर्यंत तिनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मग उठून म्हणाली, "कारखान्यात जाऊ दे की त्याला. पोट हाय, काम केलंच पायजे. पर सकाळी हितं बसंल. ती खुर्ची सोडून तो कुठं जाणार नाय, आन त्याला सोडायला कुणी लावायचंबी नाय."

वडील धाकटे भाऊ. तिच्यापुढं त्यांचं कधी चाललं नव्हतं. पण त्या दिवशी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "नायच जमलं तर लाजू नको." ते प्रेमानंच म्हणाले होते. मला मात्र ते झोंबलं आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदमच.

मी वाळूजला जायला लागलो. दुसऱ्या पाळीच्या दिवसांत सकाळ सगळी मोकळी, पहिल्या पाळीला झुंजूमुंजू व्हायच्या आत खुर्चीत बसावं लागे. पगारातले पैसे घालून सुट्टीच्या दिवसांत फ्लाइंग क्लबात जाऊन उडून यायचो, लायसन्स जिवंत राहायला ते लागतंच. बरोबरचे एकेक गळाले. कुणी दुकान टाकलं, कुणी बँकेच्या परीक्षा द्यायला लागलं, कुणी परदेशाची वाट धरली. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या पडवीत आत्या नव्हती, एवढंच.

विमानांचा बाजार हळूहळू सावरला. दुसऱ्या एका कंपनीनं बोलावलं आणि पुन्हा उजव्या खुर्चीत बसवलं. या वेळी हात जिथं जायला हवेत तिथं गेले. निवड झाल्याचं कळलं तेव्हा मी थेट रोपवाटिकेत गेलो. आत्या पिशव्यांत माती भरत होती. तिनं ऐकलं, मातीचे हात लुगड्याला पुसले आणि माझं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं. मग लगेच म्हणाली, "उद्या सकाळी बसायचंय. निवडला म्हून सुट्टी नाय." गावाकडून पुन्हा सत्काराचा निरोप आला, तर तिनं वडिलांना बजावलं, "पयलं माणसं घिऊन उडू द्या त्याला. मग काय हलगी बडवायची ती बडवा."

प्रशिक्षणाला निघालो त्या दिवशी बसस्टँडवर ती रडली नाही. मीच रडलो. पुढं मी खरोखर प्रवासी घेऊन उडायला लागलो, तेव्हा तिला विमानानं माझ्याकडं यायचं तिकीट पाठवतो म्हणालो. फोनवर खो खो हसली. "मी? तिकीट काढून? क्याप्टन कवा तिकीट काढतो का?" आली नाही ती नाहीच. तिला उंचीची भीती वाटत होती, हे वडिलांनी मला नंतर सांगितलं. आमच्या शेताच्या विहिरीतसुद्धा ती कधी वाकून बघत नसे.

गेल्या हिवाळ्यात ती रोपवाटिकेत चक्कर येऊन पडली. सरकारी दवाखान्यात ठेवलं, मी सुट्टी काढून दोन दिवस जाऊन आलो. बरी दिसत होती, डॉक्टरही तसंच म्हणाले. तिनंच मला हाकललं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दुपारच्या दोन उड्डाणांमध्ये, वडिलांचा फोन आला. म्हणाले, "आज आजून किती ऱ्हायलंय तुझं?" मी म्हटलं, एक. "मग ते कर. उतरला की मला लाव." आवाज नेहमीसारखाच होता. मी उतरल्यावर लावतो म्हणालो आणि ते शेवटचं उड्डाण केलं. हवा छान होती. विमान अलगद टेकलं.

सगळं आवरून विमानतळाच्या इमारतीत आलो आणि फोन लावला. आत्या सकाळीच गेली होती.

"तुला कळवा, कळवा, समदे म्हणत होते," वडील म्हणाले. त्यांचा आवाज आता फुटला होता. "मला लई वाटत होतं सांगावं. पर काल तिनं माझा हात धरून शपथ घातली. म्हणाली, पोरगं डुटीवर असताना काय झालं तर त्याला सांगायचं नाय. त्याच्या मागं माणसं बसलेली असत्यात भगवान, ती कुणाची तरी असत्यात."

मी फोन कानाशी धरून तिथंच भिंतीला टेकलो आणि लहान पोरासारखा रडायला लागलो. माझ्याच विमानातले लोक बॅगा ओढत बाहेर पडत होते. ज्याला त्याला न्यायला कुणी ना कुणी आलेलं होतं.