नारळ परत देणारं बेट

घोडपदेवच्या आमच्या चाळीत मुंबईसाठी जीव ओवाळून टाकणारे पुष्कळ होते. पण संयुक्त महाराष्ट्रात कॅरिबियन समुद्रातलं एक बेटही सामील करा म्हणणारा माणूस एकच, आमच्या शेजारचे बोटवाले काका. चौकातल्या सभेत बेळगाव-कारवारच्या घोषणा रंगात आल्या की हे उठून उभे. "तां बेट पण मागान घेवा! माणसां आपलीच आसत, दोन टायम मासे खातत!" सभा हसून लोळायची, काका मात्र गंभीर.

काका बोटीवर इंजिनाला तेल घालायच्या कामावर. एकदा बोट बिघडून त्या बेटावर आठ दिवस अडकली आणि नेमकी नारळी पौर्णिमा आली. मालवणच्या माणसाने दर्याला नारळ द्यायचा नाही म्हणजे काय! काकांनी हात जोडून नारळ सोडला. तिथल्या एका म्हाताऱ्या कोळ्याला वाटलं, हातातून पडला. बिचारा पोहत गेला आणि परत घेऊन आला. असं तीनदा. "मी दर्याक नारळ दिलंय, नि हो बाबा माकाच परत देता!" चौथ्या वेळी म्हाताऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यानेही हात जोडले आणि डोळ्यांवर लावायची काच नि श्वास घ्यायची नळी काकांना देऊन टाकली. काकांनी पाण्यात तोंड घातलं, तर खाली निळे, पिवळे मासे! एरवी मासा बघितला की कालवण की तळून, एवढाच प्रश्न पडणारा हा माणूस. पण त्या दिवशी, शपथेवर सांगायचे, भूक लागली नाही. संध्याकाळी कोळ्यांनी तेलाची रिकामी पिंपं वाजवून गाणी म्हटली. "आयुष्य त्या पिंपात गेलां, पण आत गाणां आसा ह्यां कोणी सांगलां नाय."

पुढे बोटीचं पत्र आलं. पुन्हा त्याच बाजूची फेरी. काका हरखले. काकू मात्र दोन दिवस शेगडीकडे तोंड करून बसल्या. लग्नाला बारा वर्षं झाली होती, त्यातली नऊ त्यांनी एकटीने काढली होती. तिसऱ्या दिवशी काकांनी पत्र फाडलं आणि शिवडीच्या एका गोदामात नोकरी धरली. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगू, फार बरंही वाटलं.

एका रविवारी भरतीच्या वेळी ते काकूंना आणि मला शिवडीच्या धक्क्यावर घेऊन गेले. "मी बघितलंय तां तू पण बघ गे." काकू नऊवारी खोचून पायरीवर बसल्या, काच लावली, पाण्यात तोंड घातलं. पाणी कसलं, नुसता चिखल! वर आल्या तेव्हा हनुवटीवरून गाळ ओघळत होता.

"दिसले?" काका कासावीस.

"दिसले तर! निळे निळे," काकू म्हणाल्या.

मग काच माझ्या हातात. परळच्या शाळेत मुलांना खरं बोला म्हणून दटावणारी मी. पाण्यात बघितलं, मिट्ट काळोख. वर आले तर काका माझ्या तोंडाकडे डोळे लावून बसलेले.

"काका," मी म्हटलं, "पिवळेसुद्धा आहेत."