सुनंदाबाईंचं कपाट

आमच्या पारोळ्यात दात कशानेही घासा, ते कोलगेटच असतं. पत्र्याचं कपाट कोणीही बनवो, ते गोदरेजच असतं. सुनंदाबाई लग्न होऊन धुळ्याहून आल्या, तेव्हा मागोमाग टेम्पोतून हिरवं कपाट उतरलं. "सूनबाईने गोदरेज आणलं," असं सासूने गल्लीभर मिरवलं. सासूचा तोरा उतरवायची हिंमत नव्या सुनेत कुठून येणार? सुनंदाबाई गप्प राहिल्या. पुढे सासू गेली, पण गप्प राहणं अंगवळणी पडलं होतं.

परवा त्यांच्या सुनेने, मयुरीने, भंगारवाल्याला बोलावलं. तो कपाटाला दोर बांधू लागला, तशा सुनंदाबाई आडव्या आल्या.

"आई, गंजेल गोदरेजना इतला काय लाड?" मयुरी हसली.

"हाई गोदरेज नही शे. मना बापनी सोताना हातवरी बनाडेल शे."

त्यांनी दार उघडून आतल्या बाजूचे हातोडीचे घाव दाखवले. मयुरी त्यांवरून बोट फिरवत राहिली. मग तिने भंगारवाल्याला दोर सोडायला लावला.

"आई, तुमना आबास्नं नाव काय व्हतं?"

ते नाव या घरात कित्येक वर्षांत कोणी घेतलं नव्हतं. सुनंदाबाईंनी डोक्यावरचा पदर सावरला आणि त्या म्हणाल्या, "भटू मिस्तरी."