बनुबाईचं अळणी

तासगावात मार्केट यार्डाच्या मागच्या रस्त्याला बनुबाईची खानावळ आहे. पाटी नाही, आणि पाटीची गरजही नाही. दुपारच्याला तिथून जाणाऱ्या माणसाला त्याचं नाकच आत घेऊन जातं. बेदाण्याच्या सौद्याला आलेले व्यापारी, पेट्या चढवणारे हमाल, परमुलखातले ट्रकवाले, सगळे एकाच बाकावर मांडीला मांडी लावून बसतात आणि बनुबाई वाढेल तेवढं खातात. नको म्हणायची सोय नाही. कुणी ताटावर हात आडवा धरलाच तर ती हातातला डाव मारल्यासारखा उगारते आणि म्हणते, "कुणासाठी ठिवायचं मग? मुकाट्यानं खा."

नवरा फौजेत हवालदार होता. पेन्शनीवर घरी आला आणि थोड्याच दिवसांत गेला. सासरी उसाचं रान होतं, दीर-जावा होत्या, कुणी जा म्हणत नव्हतं. पण दुसऱ्याच्या चुलीपुढं जन्म काढणं बनुबाईला पटेना. "भाकरीच बडवायच्या हायत तर माझ्या चुलीवर बडवीन," असं म्हणून ती तासगावात आली. तेव्हापासून आजपर्यंत तिच्या रश्शाला कुणी नाव ठेवलेलं नाही. कुणाची छातीच झालेली नाही म्हणा ना!

तर या बनुबाईचं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक म्हणजे एक कुत्रा. सौद्याच्या हॉलात पेट्यांच्या थप्पीमागं हमालांना एक तांबूस पिल्लू सापडलं, ते त्यांनी खानावळीच्या दारात आणून सोडलं. "कुत्रं-बित्रं मला जमायचं न्हाई, न्या तिकडं," म्हणून बनुबाई कडाडली आणि संध्याकाळी त्याला दुधात भाकरी कुस्करून घालत बसली. नाव पडलं सौद्या. दुपारचं शेवटचं गिऱ्हाईक उठून गेलं की बनुबाई स्वतःचं ताट घेऊन मागच्या पडवीत बसायची आणि शेजारी सौद्या आपल्या थाळीवर. आधी तिचा घास, मग त्याचा. दहा वर्षं असंच चाललं होतं.

गेल्या दिवाळीनंतर सौद्याचं पोट सुटायला लागलं. लोक म्हणायचे, बनुबाईचं खाऊन कुत्रासुद्धा सावकार झाला बघा. बनुबाईला त्याचा अभिमानच वाटायचा. मग तो खोकायला लागला, पायरी चढताना मध्येच थांबायला लागला, आणि एक दिवस भर दुपारी दारातच कोसळला. डोळे उघडे, जीभ निळसर. बनुबाईच्या हातातली परात तिथंच खाली पडली.

रिजवान तेवढ्यात मटण पोचवायला आला होता. वर्षानुवर्षं तिच्याकडं मटण त्याच्याच दुकानातून येतं. त्यानं पातेलं खाली ठेवलं, सौद्याला पोत्यावर घेतलं आणि टेम्पोत घातलं. "आक्का, बसा. सांगलीला चांगली डॉक्टर हाय." बनुबाई होती तशी, पिठाच्या हातानं बसली.

डॉक्टर सोनिया मूळची वर्ध्याकडची. शांत बोलणारी, हात हलका. तिनं सुईनं सौद्याच्या पोटातलं पाणी काढलं तेव्हा बनुबाईनं डोळे मिटून घेतले. मग हृदयाची सोनोग्राफी करायला शिरवळच्या जनावरांच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन यावं लागलं. तिथला रिपोर्ट घेऊन बनुबाई आणि रिजवान परत सांगलीला आले, तेव्हा सोनियानं बनुबाईला समोर बसवून नीट सांगितलं.

"मावशी, याचं हृदय मोठं झालंय आणि झडप नीट मिटत नाही. रक्त पुढं जायचं ते मागं तुंबतंय. त्यानं लिव्हर सुजलंय, आणि पोटात भरतंय ते पाणी त्याचंच. या गोळ्या चुकवायच्या नाहीत. आणि जेवण एकदम अळणी. हे औषधाइतकंच महत्त्वाचं आहे."

बनुबाईच्या जिवात जीव आला. आतापर्यंत सगळं हृदय, झडप, लिव्हर चाललं होतं, त्यात तिला काय कळणार? पण अळणी! "एवढंच व्हय?" ती म्हणाली. "अळणीत माझा हात कोण धरणार न्हाई, डॉक्टरीणबाई. उद्यापासनं ताजं देती."

आणि दिलं की. मसाला पडायच्या आधी पातेल्यातनं पहिलं, पिवळंधमक, वर तवंग आलेलं अळणी ती सौद्यासाठी काढून ठेवायची. व्यापारी मागायचे, तिनं कुणाला वाटीभरही दिलं नाही. गोळ्या वेळच्या वेळी. सौद्या लपालपा प्यायचा, थाळी चाटून चकचकीत करायचा, आणि बनुबाई म्हणायची, "बघ कसा गुणाचा हाय."

पण पोट परत भरलं. सोनियानं पाणी काढलं, गोळी वाढवली. पोट पुन्हा भरलं. सौद्या आता आडवा पडून झोपतसुद्धा नव्हता, पडला की दम लागायचा. पुढचे पाय फाकवून, मान पुढं काढून नुसता बसून राहायचा आणि बनुबाईकडं बघायचा.

सयाजी म्हणून एक दलाल आहे, रोजचा जेवणारा. माणूस वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. हात धुता धुता म्हणाला, "बनुबाई, त्या जिवाचं लय हाल चाललंयत. एक इंजेक्शन देऊन सोडवा की त्येला."

"सयाजीराव," बनुबाई म्हणाली, "गेल्या साली तुमी तापानं हितंच आडवं झालता, तवा तुमच्याबद्दल आमी आसा इचार केला व्हता का?"

बाकावरचे सगळे हसले. सयाजीही ओशाळून हसला. बनुबाई मात्र आत गेली, भाकरीच्या टोपलीला टेकून तोंडात पदर धरून रडली. कारण तोच विचार पहाटेपासून तिच्याही मनात येत होता, आणि तो आल्याबद्दल तिला स्वतःचाच राग आला होता.

त्याच दिवशी दुपारी रिजवानच्या टेम्पोतून पुन्हा सांगली. सोनियानं सौद्याला तपासलं. मग खुर्ची ओढून बनुबाईजवळ बसली.

"मावशी, एवढ्या गोळ्यांवर पाणी इतकं भरायला नको. खरं सांगा, अळणी देताय ना?"

"रोज! माझ्या हातानं! इचारा ह्या रिजवानला."

"व्हय डॉक्टर," रिजवान म्हणाला, "मटण माझ्याकडचंच असतंय. एक नंबर अळणी."

सोनियाच्या कपाळाला आठी पडली. "मटण? काय काय घालता त्यात?"

"जास्ती काय न्हाई. हळद, आलं-लसूण, कांदा, मीठ."

"मीठ?"

"मग?" बनुबाईला त्या पोरीच्या अडाणीपणाची कीवच आली. "मिठाबिगर अळणी कसं लागंल?"

सोनिया बघतच राहिली. रिजवान मान डोलावत होता. बरोबरच होतं त्यांचं! आमच्या सातारा-सांगली भागात कुणालाही विचारा, अळणी म्हणजे मटण शिजवल्यावर तिखट-मसाला घालायच्या आधी काढलेलं पाणी. लेकरांना द्यायचं, आजाऱ्याला द्यायचं. त्यात मीठ असतंच, चांगलं चवीला असतं. तिखट नाही म्हणून ते अळणी. नावातच काय म्हटलंय याचा विचार आमच्यात कुणी कधी केलेला नाही. आणि वर्ध्याकडच्या पोरीला हे कुठून ठाऊक असणार?

"मावशी," सोनिया हळूच म्हणाली, "अळणी म्हणजे बिनमिठाचं. मीठ पोटात गेलं की याच्या अंगात पाणी साठतं. कांदा-लसूण कुत्र्याला चालत नाही, आणि ती चरबी लिव्हरला जड. चूक माझीपण आहे, मी फोड करून सांगायला पाहिजे होतं."

सौद्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं. आयुष्यभर ज्या हाताच्या चवीवर ती उभी राहिली, त्याच हातानं त्याच्या पोटात पाणी भरलं होतं, रोज, लाडानं. टेम्पोत ती कुमठे फाट्यापर्यंत सौद्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. रिजवान दोनदा म्हणाला, "आक्का, मी बी हो म्हनालो की." तरी तिचा हात थांबला नाही.

फाटा मागं पडला तसा तिनं नाक पुसलं आणि आवाज पहिल्यासारखा झाला. "रिजवान, उद्यापासनं कोंबडीची छाती पायजे. बिनकातड्याची."

"आक्का, माझं बकऱ्याचं दुकान हाय."

"मग कोंबडीवाल्याला जाऊन भेट. मी काय तुला कोंबडी हो म्हनलीया का?"

दुसऱ्या दिवशी तिनं पडवीत वेगळी शेगडी मांडली. कारण होतं. स्वयंपाकघरात तिचा हात न बघता मिठाच्या बरणीत जातो, पातेल्यावरून फिरतो, तिलाही कळत नाही. जिथं बरणीच नाही तिथं हात जाईल कुठं? मऊ भात, उकडलेली कोंबडी, दुधी भोपळा. सोनियाला फोन करून एकेक गोष्ट विचारून घेतली आणि यावेळी प्रत्येक शब्दाला "म्हंजे काय?" असं विचारलं.

सौद्यानं थाळी हुंगली आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. उपाशी पोटी गोळ्या दिल्या तर उलटून पडायच्या. बनुबाईच्या ताटाला आजवर कुणी पाठ दाखवली नव्हती, पण तो अपमान कुठल्या कुठं गेला, आता नुसती भीती उरली. असाच राहिला तर तो आठवडाही काढणार नाही, हे तिला दिसत होतं. सयाजी म्हणाला, "चिमूटभर घाला की, काय हुतंय?" बनुबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं पाण्याचा तांब्या उचलला आणि उगाचच प्यायला.

दुपारी सगळे उठून गेल्यावर ती नेहमीप्रमाणं आपलं ताट घेऊन पडवीत बसली. भाकरी, रस्सा, कांदा. सौद्यापुढं त्याची थाळी. तो थाळीकडं बघेना, तिच्या ताटाकडं बघत होता. मग थाळीकडं, मग परत तिच्याकडं. तू ते खाणार आणि मी हे खायचं व्हय? अगदी असंच बघत होता.

"आस्सं हाय व्हय!" बनुबाई म्हणाली.

तिनं आपलं ताट आत नेऊन ठेवलं. दुसरं ताट घेतलं, त्याच्याच पातेल्यातलं वाढून घेतलं आणि त्याच्यासमोर पहिला घास तोंडात घातला. बिनमिठाचा भात, बिनमिठाची कोंबडी, कापूस चघळावा तसं. तिला वाटलं थुंकावं. सौद्या टक लावून बघत होता.

"लय बेस झालंय," ती त्याच्या तोंडावर खोटं बोलली आणि दुसरा घास घेतला.

सौद्यानं तिचं ताट हुंगलं. आपली थाळी हुंगली. परत तिचं ताट हुंगलं, खात्री करून घेतली. आणि जेवायला लागला. बनुबाई घास गिळत होती आणि डोळ्यांतलं पाणी गालावरून खाली येत होतं, ते तिनं पुसलंसुद्धा नाही.

त्या दिवसापासून बनुबाईचं दुपारचं जेवण तेच. रिजवाननं एकदा बघितलं आणि तो चाट पडला. "आक्का, तुमी बी हेच?"

"हळू बोल," ती दटावून म्हणाली. "त्येला कळंल."

पोट उतरलं. आधी एका कुशीवर, मग दोन्ही कुशींवर सौद्या झोपायला लागला. खोकला कमी झाला. एका सकाळी पायरी चढून थेट बाकापर्यंत आला आणि सयाजीच्या चपलेवर हनुवटी टेकून बसला. सयाजीनं जेवण होईपर्यंत पाय हलवला नाही.

पुढच्या खेपेला सोनियानं रक्त तपासलं, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, आणि हसली. "छान. लिव्हरची सूज उतरलीय. पाणी नाही." मग तिनं नळी गळ्यात अडकवली आणि बनुबाईचा हात हातात घेतला. "पण मावशी, तुम्हाला खोटं सांगणार नाही. हे हृदय परत पहिल्यासारखं व्हायचं नाही. तो काही महिने काढेल, कदाचित वर्ष, मला सांगता येत नाही. गोळ्या, हे जेवण, ही फेरी, सगळं आता कायमचं. तो आहे तोवर. पहिल्यांदा सगळे जोरात करतात, नंतर लोक थकतात. जमेल ना?"

बनुबाई वाकली आणि सौद्याच्या मानेत तोंड खुपसून रडली, कुणाचीही लाज न बाळगता. रिजवान भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा राहिला. मग तिनं पदरानं तोंड पुसलं, आणि खानावळीत बाकाच्या टोकापर्यंत जातो तो तिचा आवाज त्या छोट्या खोलीत घुमला.

"कायमचं, कायमचं काय लावलंय, डॉक्टरीणबाई? मी काय चार दिसाची पावणी हाय व्हय? त्यो हाय तवर मी हाय. लिवा गोळ्या."